फॉर्म लायब्ररीतली हेल्पर फंक्शन्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत बसून आम्ही फॉर्म बांधायची ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, लिहितो. ती वापरणाऱ्यांमध्ये पतसंस्था, वाचनालयं, द्राक्ष-डाळिंब बागायतदारांचे गट आणि गावोगावची सेवा केंद्रं यांच्यासाठी फॉर्म बनवणारी मुलंमुली जास्त आहेत. त्यांचे फोन येतात, आणि निम्मे प्रश्न तेच असतात. ते इथे एका जागी लिहून ठेवले आहेत. क्रम ठरवलेला नाही, ज्यावर जास्त फोन आले त्यावर जास्त लिहिलं आहे.

हेल्पर फंक्शन म्हणजे काय? लायब्ररी फॉर्म बनवतेच, मग ही वेगळी कशाला?

लायब्ररीचा मुख्य भाग रकाने मांडतो, लेबल लावतो, बटण देतो. रकान्यात माणसाने जे लिहिलं ते वाचणं, साफ करणं, तपासणं, साठवण्याजोगं करणं ही कामं प्रत्येक फॉर्ममध्ये पुन्हा पुन्हा येतात. ती छोट्या फंक्शनमध्ये वेगळी काढली आहेत. प्रत्येक फंक्शन एकच काम करतं आणि तुमच्या फॉर्मला हात लावत नाही. मजकूर द्या, उत्तर घ्या.

ती लिहिताना आम्ही एक गोष्ट धरून बसलो आहोत. भरणाऱ्याने सवयीने जसं लिहिलं तसं फॉर्मने समजून घ्यायचं. मोबाइल नंबरमध्ये जागा सोडली म्हणून लाल अक्षरात माणसाला परत पाठवू नये, ती जागा आपण काढावी. पण जिथे दोन अर्थ निघतात तिथे आपल्या मनाने एक अर्थ लावून पुढे जाऊ नये, विचारावं. या पानावरची बहुतेक उत्तरं या दोन वाक्यांतून आली आहेत.

फंक्शनची नावं मराठीत आहेत. हे चालतं?

चालतं. जावास्क्रिप्टच्या (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेच्या) नियमांतच नावांसाठी युनिकोडमधली (जगातल्या लिप्यांतल्या अक्षरांना कोड देणाऱ्या व्यवस्थेतली) अक्षरं वापरायला मुभा आहे, काना-मात्रा-हलन्तासकट. त्यामुळे अंक_एकरूप, मजकूर_साफ, क्षेत्र_वाच ही नावं कुठल्याही ब्राउझरमध्ये चालतात. एक काळजी घ्या. नाव हाताने टाइप करू नका, एडिटरच्या सुचवणीतून उचला. दिसायला सारखी पण आतून वेगळी अशी दोन नावं मराठीत सहज तयार होतात आणि जावास्क्रिप्ट त्यांना एक मानत नाही. हे कसं घडतं ते खाली कऱ्हाडच्या प्रश्नात आहे. ज्यांना इंग्रजी नावं हवीत त्यांच्यासाठी तीही दिली आहेत, काम तेच.

लोक मराठी अंकांत लिहितात. त्याचं काय करायचं?

सगळ्यात आधी अंक_एकरूप चालवा (ते मराठी अंकांचे इंग्रजी अंक करतं), मग बाकीची तपासणी. जावास्क्रिप्टला "१२३" हा आकडा वाटत नाही. त्याचं संख्येत रूपांतर करायला गेलात तर "संख्या नाही" असं उत्तर मिळतं. रेग्युलर एक्स्प्रेशनमधली, म्हणजे मजकुराचा साचा तपासणाऱ्या सूत्रातली, अंकांची खूणही तिथे फक्त इंग्रजी अंक ओळखते. म्हणजे ज्याने मराठी कीबोर्डवर नीट, बरोबर वय लिहिलं, त्यालाच "कृपया फक्त अंक लिहा" असं ऐकावं लागतं. तो लिहितोय ते अंकच आहेत. असा संदेश एखाद्या शिक्षिकेला किंवा ग्रामपंचायतीच्या सदस्याला दाखवायची मला लाज वाटते.

यात आणखी एक गोम आहे. पायथन (सर्व्हरवर वापरतात ती भाषा) तोच "१२३" बिनतक्रार संख्या म्हणून घेतो. म्हणजे समोरची तपासणी जावास्क्रिप्टमध्ये आणि मागची पायथनमध्ये असेल, तर एकच उत्तर पुढे नापास आणि मागे पास होतं. अंक एकरूप करणं दोन्हीकडे पहिली पायरी ठेवली की हा घोळ संपतो.

साठवताना इंग्रजी अंक ठेवा, दाखवताना हवे ते दाखवा. ब्राउझरच्या संख्या-मांडणीला मराठी भाषा सांगितली की ती आपोआप देवनागरी अंक आणि लाख-कोटींचे स्वल्पविराम देते.

"कऱ्हाड" शोधलं तर निम्म्याच नोंदी का सापडतात?

कारण तुमच्या नोंदींमध्ये दोन कऱ्हाड आहेत. एक कऱ्हाड आणि एक कर्‍हाड. डोळ्यांना फरक दिसणार नाही. पहिल्यात नुक्तावाला ऱ आणि त्याला हलन्त आहे, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारा जोडचिन्हाचा कोड आहे. कुठला कीबोर्ड वापरला त्यावर यातलं कुठलं निघेल ते ठरतं. गोऱ्हे, कुऱ्हाडे, बऱ्हाणपूर अशा सगळ्या नावांना हा त्रास आहे, आणि आपल्या भागात तर सातारा जिल्ह्यातलं एवढं मोठं गावच त्यात सापडतं. शिवाय "कराड" लिहिणारे वेगळे.

युनिकोडचं प्रमाणीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी कोड-रूपं एक करणं) लावलं की हे मिटेल असं बऱ्याच जणांना वाटतं. आम्हालाही तसंच वाटलं होतं. ते अर्धंच खरं आहे. साधा र आणि सुटा नुक्ता असं कुणी लिहिलं असेल तर प्रमाणीकरण त्याचा एकसंध ऱ करतं. पण न दिसणाऱ्या जोडचिन्हाने लिहिलेलं रूप प्रमाणीकरणाने बदलत नाही. "ॲड." चंही तसंच. एकसंध ॲ आणि अ वर चंद्र दिलेला अॅ हे युनिकोडच्या लेखी समान नाहीत, प्रमाणीकरण त्यांना एक करत नाही.

म्हणून मजकूर_साफ आधी प्रमाणीकरण करतं, मग ही मराठीतली दोन रूपं स्वतंत्रपणे एका रूपात आणतं, मग पुढे-मागे राहिलेल्या जागा काढतं आणि मधल्या दोन-तीन जागांची एक करतं. न दिसणारी सगळीच चिन्हं ते सरसकट पुसत नाही, काही शब्दांत ती मुद्दाम दिलेली असतात. "कराड" आणि "कऱ्हाड" एक करणं त्याचं काम नाही. ते शब्दलेखन नाही, गावाच्या नावाचा प्रश्न आहे आणि तो यादी_शोध सोडवतं.

जुन्या नोंदींवर एकदा हे फंक्शन चालवून घ्या. आधी बॅकअप.

रकान्याला सहा अक्षरांची मर्यादा दिली तर "सांगली"तच संपते. असं का?

ब्राउझर अक्षरं मोजत नाही, कोड मोजतो. स, काना, अनुस्वार, ग, ल, वेलांटी असे सहा. आपण म्हणतो तीन. आणि डेटाबेसची मर्यादा बाइटमध्ये असेल तर यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायच्या पद्धतीत) प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे "सांगली"चे अठरा.

अक्षर_मोज हे फंक्शन ब्राउझरच्या अक्षर-विभाजकाकडून मोजून घेतं. मात्र "क्षेत्र"सारख्या जोडाक्षरांची मोजणी जुन्या ब्राउझरमध्ये वेगळी निघते, कारण जोडाक्षर अखंड धरायचा नियम युनिकोडमध्ये अलीकडे आला. म्हणून मर्यादा घट्ट ठेवू नका. नावाच्या रकान्याला मर्यादा लागतेच कशाला, हा आमचा उलट प्रश्न असतो.

जिथे मोजणं खरंच गरजेचं आहे ती जागा एसएमएसची. फॉर्म मिळाल्याचा मराठी एसएमएस ७० कोडमध्ये बसला तर एक, नाहीतर तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यात ६७ च बसतात. इंग्रजीला तीच मर्यादा १६० आहे. एसएमएस_मोज हे फंक्शन त्यासाठीच आहे.

"किती जनावरं?" याला ० लिहिलं तर "हा रकाना भरा" असं येतं.

रिकामं_आहे वापरा, हाताने तपासू नका. जावास्क्रिप्टमध्ये शून्य हा आकडा खोटा धरला जातो, पीएचपी या सर्व्हरवरच्या भाषेत तर "०" हा इंग्रजी अंकातला मजकूरही रिकामा धरला जातो. आमचं फंक्शन फक्त चार गोष्टी रिकाम्या मानतं. मूल्यच नसणं, कोरा मजकूर, नुसत्या मोकळ्या जागा आणि कोरी यादी. शून्य हे उत्तर आहे. ज्याच्या गोठ्यात जनावर नाही त्याने तसं सांगितलं तर ते लिहून घ्यायला हवं.

असंच टिकच्या चौकटीचं. टिक न केलेली चौकट फॉर्म पाठवताना सर्व्हरकडे जातच नाही, त्यामुळे "नाही म्हणाला" आणि "विचारलंच नाही" यांतला फरक पुसला जातो. टिक_चौकट हे फंक्शन सोबत एक लपवलेला रकाना ठेवतं आणि "नाही" स्पष्ट पाठवतं.

जमिनीचं क्षेत्र साध्या दशांशात का घेऊ नये?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि यावर आम्ही स्वतः चुकलो आहोत, म्हणून सविस्तर.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं असतं. १.०५.५० म्हणजे १ हेक्टर, ५ आर, ५० चौरस मीटर. हा दशांश अपूर्णांक नाही, तीन वेगळे आकडे आहेत आणि मध्ये टिंब आहे. जावास्क्रिप्टच्या parseFloat ला हाच मजकूर इंग्रजी अंकांत दिला तर ते दुसऱ्या टिंबाशी थांबतं, १.०५ घेतं आणि उरलेले ५० चौरस मीटर न बोलता सोडून देतं. चूक झाल्याचंही सांगत नाही.

पण खरा घोटाळा टिंब एकच असतं तेव्हा होतो. आमच्या पहिल्या आवृत्तीत क्षेत्राला एकच रकाना होता. तासगाव तालुक्यातल्या एका गावी सेवा केंद्रात मी तो फॉर्म चालतो कसा ते बघायला बसलो होतो. एक आजोबा आले. ऑपरेटर ताईंनी विचारलं, "आजोबा, रान किती?" ते म्हणाले, "आठ आर." ताईंनी ०.८ टाइप केलं. त्यांच्या डोक्यात शून्य हेक्टर, आठ आर असंच होतं आणि बोलायच्या भाषेत ते बरोबरच होतं. आमच्या फंक्शनने त्याचं ०.८ हेक्टर, म्हणजे ८० आर केलं. पावती छापून आली. आजोबांनी चष्मा लावून ती वाचली, कागद ताईंच्या पुढे सरकवला आणि म्हणाले, "पोरी, एवढं रान असतं तर मी हितं कशाला आलो असतो?" दहापट फरक. त्यांनी वाचली म्हणून सापडला. न वाचता खिशात घालणारे किती गेले असतील, या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून क्षेत्र_रकाना तीन चौकटी देतं, हेक्टर, आर आणि चौरस मीटर, आणि प्रत्येकीखाली नाव लिहिलेलं असतं. आरची चौकट ९९ च्या वर घेत नाही. खाली लगेच शब्दांत दाखवतं : "शून्य हेक्टर आठ आर". आत सगळं चौरस मीटरमध्ये पूर्णांकात साठवतं. १ हेक्टर म्हणजे १०० आर, १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, त्यामुळे अपूर्णांकाची गरजच उरत नाही.

एकर-गुंठ्यात सांगणाऱ्यांसाठी क्षेत्र_बदल आहे. ४० गुंठ्यांचा एकर, १ एकर म्हणजे सुमारे ४०.४७ आर, १ गुंठा म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर. गुंठा आणि आर जवळजवळ सारखे आहेत म्हणून लोक ते एकच धरतात. दोन-चार गुंठ्यांना चालून जातं, पण ४० गुंठ्यांवर जवळपास अर्ध्या आरचा फरक पडतो. तेव्हा बदललेलं क्षेत्र "सुमारे" असं लिहून दाखवा आणि मूळ सांगितलेलं क्षेत्र वेगळं जपून ठेवा.

गट नंबर आणि हिस्सा नंबर मात्र आकडे समजू नका. "१४७/२अ" हा मजकूर आहे.

रक्कम आणि वजन?

रक्कम_वाच स्वल्पविराम, रुपयाची खूण, शेवटचा "/-" आणि मराठी अंक हे सगळं समजून घेतं. "१,२५,०००" आणि "१२५०००" दोन्ही चालतात. "सव्वा लाख" लिहिलं तर फंक्शन अर्थ लावत नाही, आकड्यात लिहायला सांगतं.

आत पैशांमध्ये पूर्णांक साठवलेला असतो. संगणकात ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, लांबवर एक ४ उरतो. हळदीच्या सौद्याची पट्टी करताना अशा शेपट्या साठत जातात आणि शेवटी काट्यावरचा हिशोब व पट्टीवरचा हिशोब एका रुपयाने जुळत नाही. वजन क्विंटलमध्ये विचारलं तरी किलोत साठवा.

जन्मतारीख एक दिवस मागे जाते.

भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. १ जूनची मध्यरात्र जागतिक वेळेत ३१ मेची संध्याकाळ साडेसहा असते. तारखेचं रूपांतर जागतिक वेळेत करून पहिली दहा अक्षरं कापून घेतली की १ जूनचा ३१ मे होतो. तारीख_वाच वेळेला हातच लावत नाही. दिवस, महिना, वर्ष असे तीन आकडे घेतं, तेच देतं.

"१/६/१९६२" असं लिहिलेलं थेट ब्राउझरच्या तारखेला दिलं तर ते ६ जानेवारी होतं, कारण तिथे महिना आधी धरतात. आणि महिने शून्यापासून मोजतात हे तर आहेच. आमचं फंक्शन दिवस आधी धरतं. वर्ष दोन आकडी असेल तर पूर्ण वर्ष विचारतं, आजोबा आणि नातू एकाच फॉर्ममध्ये असतात.

१ जून हे उदाहरण मुद्दाम घेतलं. आपल्याकडे जुन्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लावलेली आहे. त्यामुळे नाव आणि जन्मतारीख जुळली म्हणून "ही नोंद आधीच आहे" असं ठरवू नका. एका गावात त्याच नावाचे, त्याच तारखेचे दोघं असू शकतात.

मोबाइल नंबर तपासायचा नियम कोणता?

अंक एकरूप करा, जागा आणि रेघा काढा, सुरुवातीचा +९१ किंवा ० काढा. उरलेले आकडे १० असावेत आणि पहिला ६ ते ९ मधला असावा. मोबाइल_वाच हेच करतं.

दहा आकडे आहेत एवढ्यावर थांबू नका. सांगलीचा लँडलाइन ०२३३ आणि पुढे सात आकडे, साताऱ्याचा ०२१६२ आणि पुढे सहा. पहिलं शून्य काढलं की दोन्हीचे दहाच आकडे होतात, पण सुरुवात २ ने होते. त्यावर एसएमएस जाणार नाही. फंक्शन त्याला चूक म्हणत नाही, "हा घरचा फोन दिसतो, मोबाइल असेल तर तो द्या" असं म्हणतं.

रकान्याचा प्रकार "संख्या" ठेवू नका. सुरुवातीचं शून्य गळू शकतं आणि माउसचं चाक फिरलं तर आकडा बदलतो. प्रकार टेलिफोनचा ठेवा म्हणजे फोनवर आकड्यांचा कीपॅड येतो. पिनकोडला साधा मजकूर ठेवून इनपुटमोड या गुणधर्माने कीपॅड मागा.

पिनकोडवरून जिल्हा आपोआप भरता येईल का?

पहिल्या तीन आकड्यांवरून नाही. सांगली शहर ४१६४१६, मिरज ४१६४१०, तासगाव ४१६३१२ बघून ४१६ म्हणजे सांगली असं वाटतं. पण कोल्हापूरही ४१६ मध्येच आहे. सांगली जिल्ह्यातलं विटा ४१५३११ आहे आणि ४१५००१ म्हणजे सातारा शहर. साताऱ्यातलं वाई ४१२८०३, महाबळेश्वर ४१२८०६, आणि ४१२ मध्ये पुणे जिल्ह्यातलीही गावं येतात. टपाल वाटायची सोय म्हणून ही रचना झाली, जिल्ह्यांच्या हद्दी धरून नाही. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाले, त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाचं डोकं होतं, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखं आहे.

पिन_तपास फक्त सहा आकडे आहेत आणि पहिला शून्य नाही एवढंच बघतं. जिल्हा माणसाला निवडू द्या.

आधार, पॅन, आयएफएससी?

आधारचे १२ आकडे, पहिला ० किंवा १ नसतो, शेवटचा आकडा व्हेरहोफ पद्धतीने काढलेला तपासणीचा असतो. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले तर ही पद्धत हमखास पकडते. पॅनची दहा चिन्हं, पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर, आणि व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथं अक्षर इंग्रजी "पी". आयएफएससीची (बँक शाखेच्या कोडची) ११ चिन्हं, पाचवं नेहमी शून्य. लोक तिथे हमखास "ओ" लिहितात. त्या जागी दुसरं काही असूच शकत नाही, म्हणून फंक्शन ते स्वतः शून्य करतं.

नंबर बरोबर रचनेचा आहे, एवढंच हे सांगतात. तो त्या माणसाचा आहे का, हे नाही. आणि आधार खरंच हवंय का, हे फॉर्म मागवणाऱ्याला एकदा विचारा. वाचनालयाच्या सभासदत्वाला ते कशाला लागतं?

तालुक्याच्या यादीत लोकांना आपलं गाव सापडत नाही.

कारण लोक तालुक्याचं नाव बोलत नाहीत, तालुक्याच्या मुख्य गावाचं बोलतात. सांगली जिल्ह्यात विट्याचा माणूस यादीत "विटा" शोधतो, तालुका आहे खानापूर. इस्लामपूरचा तालुका वाळवा. साताऱ्यात दहिवडीचा माण, वडूजचा खटाव, मेढ्याचा जावळी. सांगलीचे दहा आणि साताऱ्याचे अकरा तालुके मिळून ही पर्यायी नावं यादी_शोध मध्ये भरलेली आहेत. इस्लामपूर लिहा, ईश्वरपूर लिहा किंवा वाळवा लिहा, एकच तालुका मिळेल. कराड आणि कऱ्हाडही तिथेच एक होतात. साठवताना नाव न ठेवता सरकारी गाव-संकेतांक ठेवा, वाठार नावाची गावं एकट्या सातारा जिल्ह्यात एकाहून जास्त आहेत.

क्रम_लाव यादी मराठी वर्णमालेने लावतं. साध्या क्रमवारीत ळ हा ल च्या लगेच पुढे येतो, कारण युनिकोडमध्ये त्याची जागा तिथे आहे. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर. म्हणजे पलूस, पसरणी, पळशी असा क्रम हवा. साध्या क्रमवारीत पळशी मध्ये घुसते.

टाइप करता करता अक्षरं गायब होतात.

तुम्ही कीबोर्डच्या प्रत्येक बटणाला तपासणी लावली असेल. मराठी कीबोर्ड अक्षर टप्प्याटप्प्याने जुळवतो, मध्येच मजकूर बदलला की जुळवणी मोडते. अँड्रॉइडवर तर कुठलं बटण दाबलं हेही भरवशाने कळत नाही. साफसफाई रकान्यातून बाहेर पडल्यावर करा. सुचवणीसाठी यादी शोधायची असेल तर थांबून_चालव घ्या, ते जुळवणी संपेपर्यंत आणि वर ३०० मिलिसेकंद वाट बघतं.

अर्धवट भरलेला फॉर्म जपून ठेवता येतो का?

मसुदा_ठेव आहे. ते लिहिलं २०१९ च्या महापुरानंतर. कृष्णेचं पाणी ओसरल्यावर आम्ही काही मित्र घरोघर फिरून मदतीच्या नोंदी मोबाइलवर घेत होतो. नेटवर्क येई-जाई. एका घरी चिखलात उभ्या असलेल्या काकूंनी अर्धा तास एकेक वस्तू आठवून सांगितली, पाठवायचं बटण दाबलं आणि पान कोरं झालं. त्यांना "पुन्हा सांगा" म्हणण्याइतकं कठीण काम मी केलेलं नाही. आता प्रत्येक रकाना सोडताना मसुदा फोनमध्येच साठतो आणि सर्व्हरने पोचल्याचं कळवल्यावरच पुसला जातो.

तरीही हे फंक्शन आपोआप चालू नसतं, तुम्ही चालू करायचं. सेवा केंद्रात एकाच संगणकावर दिवसभरात चाळीस जणांचे फॉर्म भरले जातात, तिथे आधीच्या माणसाचा मसुदा पुढच्याला दिसला तर ते फार वाईट. म्हणून आधार, बँक खातं आणि पासवर्ड असे रकाने मसुद्यात कधीच जात नाहीत, मुदत २४ तासांची असते आणि "नवीन माणूस" हे बटण दाबताच सगळं पुसतं. सामायिक संगणकावर मसुदा बंदच ठेवा.

भरलेला मजकूर पानावर दाखवताना काय काळजी?

सुरक्षित_मजकूर मधून काढा. ते पाच चिन्हं निरुपद्रवी करतं : &, <, >, आणि दोन्ही अवतरणचिन्हं. & आधी बदलावं लागतं, नाहीतर बाकीच्यांचं दोनदा बदलतं. हे दाखवताना करा, साठवताना नको. साठवताना केलंत तर "पाटील & सन्स" प्रत्येक फेरीत वाढत जातं.

कुटुंबातल्या दुसऱ्या सदस्याच्या लेबलवर क्लिक केलं तर कर्सर पहिल्याकडे जातो.

दोन्ही ओळींना एकच आयडी आहे. वेगळा_आयडी प्रत्येक ओळीला नवा देतं आणि लेबल व चुकीचा संदेश त्याला जोडतं. स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं साधन) वापरणाऱ्याला कुठल्या रकान्यात आहोत हे कळण्याचा हाच एक धागा असतो, तो तुटू देऊ नका.

एक्सेलमध्ये उघडलं की मराठीचा कचरा होतो.

सीएसव्ही_काढ नोंदींची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले रकाने) फाइल देतं आणि तिच्या सुरुवातीला यूटीएफ-८ ची खूण घालतं, त्याने अक्षरं नीट दिसतात. =, +, -, @ ने सुरू होणारं मूल्य एक्सेल सूत्र समजतं. कुणी मुद्दाम घातलेलं सूत्र ऑफिसच्या संगणकावर चालू शकतं, म्हणून अशा मूल्यांपुढे एक अवतरणचिन्ह लावलं जातं. +९१ ने सुरू होणारे नंबरही त्यात येतात. ते आधी मोबाइल_वाच मधून काढा.

समोर एवढं तपासल्यावर सर्व्हरवर पुन्हा तपासायला हवं?

हवं. ब्राउझरमधली तपासणी भरणाऱ्याच्या सोयीसाठी असते, ती कुणीही बंद करू शकतो. नियम एका फाइलमध्ये ठेवून दोन्हीकडे तेच वापरा.

नवं फंक्शन सुचवायचं किंवा चूक कळवायची तर काय पाठवू?

माणसाने नेमकं काय टाइप केलं ते, फॉर्मने काय केलं ते, आणि काय व्हायला हवं होतं ते. स्क्रीनचा फोटो पुरत नाही, मजकूर कॉपी करून पाठवा, फोटोत न दिसणारी चिन्हं येत नाहीत. खरं नाव, खरा नंबर, खरं आधार पाठवू नका, तशाच आकाराचं खोटं बनवा. आणि फोनवर कुठला कीबोर्ड होता ते जरूर लिहा. एका कीबोर्डचा कऱ्हाड दुसऱ्याला सापडत नाही, हे आम्हाला साताऱ्याहून आलेल्या अशाच एका ओळीवरून कळलं.